खोगीर न चढलेला घोडा

गणपतीच्या आधी आमच्या रत्नागिरीत रस्त्यांना रंग चढतो. चार महिन्यांच्या पावसाने धुऊन नेलेले पांढरे पट्टे पुन्हा ओढले जातात. यंदा मारुती मंदिराच्या चौकात असाच रंग लागला होता, आणि शेजारचा पाचवीतला मुलगा माझे बोट धरून रस्ता ओलांडत होता. मध्येच थांबून त्याने चपलेचे टोक पट्ट्यावर घासले. रंग ओला आहे का, हे त्याला पाहायचे होते. मग विचारले, "आजोबा, याला झेब्रा क्रॉसिंग का म्हणतात?"

मी सांगितले की, 1951 साली इंग्लंडात असे पट्टे अधिकृतपणे रस्त्यावर आले आणि त्या पट्टेवाल्या जनावरावरून हे नाव पडले. माझ्या मते उत्तर पुरे होते. पण मुलांचा प्रश्न आंब्याच्या पेटीसारखा असतो. वरचा थर काढला की खाली दुसरा थर निघतो. झेब्रा पांढरा आणि त्यावर काळे पट्टे, की काळा आणि त्यावर पांढरे? तो काय खातो? कसा ओरडतो? आणि शेवटी, घर येता येता, "आजोबा, घोड्यावर बसतात, गाढवावर ओझे लादतात; मग झेब्र्यावर कुणी बसत का नाही?"

तीस-बत्तीस वर्षे मी शाळेत इतिहास शिकवला. झेब्रा हा माझा विषय नव्हे. पण निवृत्त शिक्षकाला "मला ठाऊक नाही" म्हणणे जड जाते. दुसऱ्या दिवशी मी आमच्या नगर वाचनालयात जाऊन बसलो. 1828 साली स्थापन झालेले हे वाचनालय पिढ्यानुपिढ्या रत्नागिरीकरांची असली नड भागवीत आले आहे. आठवडाभर वाचले, टिपणे काढली, आणि शोध घेता घेता झेब्र्याच्या मागे मागे मी पुन्हा इतिहासातच येऊन पोचलो. तोही थेट सुरतेच्या लुटीत. त्याची ही हकीकत.

आधी मुलाच्या प्रश्नांची उत्तरे देऊन टाकतो, कारण थोरांनाही ती ठाऊक असतातच असे नाही.

झेब्र्याच्या तीन जाती आहेत. माळावरचा झेब्रा, डोंगरी झेब्रा आणि ग्रेव्हीचा झेब्रा. तिन्ही आफ्रिकेतले. केसांखालचे त्यांचे कातडे काळे असते, म्हणून शास्त्रज्ञांचा कौल "काळ्यावर पांढरे पट्टे" असा आहे. माणसाच्या बोटांचे ठसे जसे एकमेकांशी जुळत नाहीत, तसे कोणत्याही दोन झेब्र्यांचे पट्टे जुळत नाहीत. माळावरच्या झेब्र्याचा संसार असा असतो : एक नर, काही माद्या आणि त्यांची शिंगरे. हे कुटुंब वर्षानुवर्षे एकत्र राहते. बिनलग्नाचे तरुण नर वेगळा कळप करून हिंडतात. ग्रेव्हीच्या झेब्र्याची रीत निराळी. तिथे नर आपला मुलूख राखून असतो आणि माद्या येतात-जातात. मादी बारा-तेरा महिने गाभण असते. शिंगरू जन्मल्यावर काही मिनिटांत उभे राहते आणि तासाभरात धावू लागते. धावावेच लागते, कारण सिंह आणि तरस वाट पाहत असतात. आई पहिले काही दिवस इतर माद्यांना जवळ येऊ देत नाही. तेवढ्यात पिलाने तिचे पट्टे, वास आणि आवाज ओळखून ठेवायचे असतात.

खाणे गवताचे. गाई-म्हशींसारखा तो रवंथ करीत नाही, म्हणून त्याला भरड, वाळके गवतही चालते. मात्र ते पुष्कळ लागते आणि दिवसाचा बहुतेक वेळ चरण्यात जातो. पूर्व आफ्रिकेच्या माळावर उंच राठ गवत आधी झेब्रा खातो, आणि त्याने मोकळे केलेले कोवळे गवत मागून येणाऱ्या हरणांच्या वाट्याला येते. माळावरच्या झेब्र्याचा आवाज घोड्याच्या खिंकाळण्यासारखा नसतो; तो कुत्र्याच्या भुंकण्याच्या वळणावर जातो. ग्रेव्हीचा झेब्रा मात्र गाढवासारखा ओरडतो.

पट्टे कशासाठी, यावर शंभर-दीडशे वर्षे वाद चालला. गवतात लपण्यासाठी, सिंहाची नजर चुकवण्यासाठी, अंग थंड राखण्यासाठी, असे नाना तर्क झाले. अलीकडे ज्या तर्काला सर्वांत भक्कम पुरावा मिळाला तो आपल्या कोकणातल्या गुराख्याला चटकन पटेल. पट्टे गोमाश्यांसाठी आहेत! पावसाळ्यात गोमाशीने हैराण झालेली गुरे शेपटी आपटीत कशी सैरावैरा होतात, हे आपण पाहतो. 2019 साली इंग्लंडात काही घोड्यांना पट्टेदार झुली घालून पाहिल्या. माश्या जवळ येत, पण पट्ट्यावर त्यांना नीट उतरता येईना. त्याच वर्षी जपानात काळ्या गाईंवर पांढरे पट्टे रंगवले, तर त्यांना चावणाऱ्या माश्या निम्म्यावर आल्या. आफ्रिकेतल्या माश्या नुसत्या चावत नाहीत, जीवघेणे रोग देतात. तेव्हा झेब्र्याचा हा पोशाख नटण्यासाठी नाही, जगण्यासाठी आहे.

आता राहिला शेवटचा प्रश्न. झेब्र्यावर खोगीर का चढले नाही?

प्रयत्न झाले नाहीत असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वॉल्टर रॉथ्सचाइल्ड नावाच्या श्रीमंत इंग्रजाने झेब्रे जुंपलेली गाडी लंडनच्या रस्त्यांतून हाकली. पूर्व आफ्रिकेत जर्मनांनी झेब्र्यांना लष्करी कामाला लावण्याची खटपट केली, कारण युरोपातून नेलेले घोडे तिथे रोगाने पटापट मरत आणि झेब्रा ठणठणीत राही. पण ते जमले नाही. झेब्रा चावतो आणि चावल्यावर सोडत नाही. त्याची लाथ सिंहाचा जबडा मोडू शकते. फास टाकावा तर तो मान चुकवतो. वयात आल्यावर तर तो अधिकच बिथरतो. उलट, त्याच आफ्रिकेच्या ईशान्य कोपऱ्यात त्याचा चुलतभाऊ, रानगाढव, सुमारे सात हजार वर्षांपूर्वी माणसाच्या हाती लागला आणि तेव्हापासून आजतागायत ओझी वाहतो आहे. एकाच घरातले दोन भाऊ. एकाने मान वाकवली, दुसऱ्याने नाही.

घोड्याचे नाव निघाले की रत्नागिरी जिल्ह्याच्या माणसाला दाभोळ आठवले पाहिजे. आज दाभोळला गेलात तर खाडीकाठचे एक शांत गाव दिसेल. पलीकडे धोपाव्याला जाणारी फेरीबोट, मासळीचा वास, आणि माडांत उभी असलेली आदिलशाहीतली देखणी मशीद. पण पंधराव्या शतकात हे बहमनी राज्याचे मोठे बंदर होते. दख्खनच्या सुलतानांना घोडे हवे असत आणि उत्तम घोडा इथे निपजत नसे. तो अरबस्तानातून, इराणातून गलबतांत भरून येई, दाभोळला आणि चौलला उतरे, आणि घाट चढून बिदरकडे जाई.

अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी 1470 च्या आसपास असाच एक घोडा घेऊन चौलला उतरला. जुन्नरच्या खानाने तो घोडा अडकवून ठेवला. मोठ्या मिनतवारीने परत मिळाला. या देशात लोक घोड्याला खिचडी शिजवून घालतात, याचे त्याला भारी नवल वाटले. परत जाताना तो दाभोळहून गलबतात बसला. जायचे होते होर्मुझला. पण महिनाभर समुद्रात भरकटून गलबत लागले ते हबशांच्या देशाला. तिथल्या लोकांना तांदूळ, मिरी देऊन त्यांनी लूट टाळली आणि मग पुढची वाट धरली. म्हणजे आमचे दाभोळ आणि झेब्र्याचा मुलूख यांमध्ये एका चुकलेल्या वाऱ्याचे अंतर होते.

त्या वाटेने हबशांच्या देशातून आपल्याकडे जिवंत झेब्रा आल्याची चोख नोंद सापडते ती 1621 सालची. जहांगीर बादशहाच्या दरबारी मीर जाफर नावाच्या माणसाने ते जनावर आणले. बादशहाला पशुपक्ष्यांचे विलक्षण वेड. त्याने आपल्या आत्मचरित्रात या विचित्र रानगाढवाचे नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत वर्णन केले आहे. दरबारातल्या कित्येकांना वाटले की, कुणीतरी गाढवाला रंग फासून बादशहाला फसवीत आहे. बारकाईने तपासणी झाली, आणि हा रंगारी ईश्वरच आहे अशी बादशहाची खात्री पटली. हे वाचताना मला चौकात पट्ट्यावर चप्पल घासणारा आमचा मुलगा आठवला. चारशे वर्षांत शंका घेण्याची रीत बदललेली नाही.

बादशहाने आपला श्रेष्ठ चित्रकार उस्ताद मन्सूर याच्याकडून त्या जनावराचे चित्र काढवून घेतले. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्यात झेब्रा खुंटीला बांधलेला आहे, तोंडाला मोरखी आहे आणि मान किंचित खाली. आजूबाजूला ना गवत ना माणूस. पुढे ते जनावर बादशहाने इराणच्या शाह अब्बासला भेट म्हणून पाठवले. दोघे एकमेकांना बंधू म्हणवीत. या बंधूने दुसऱ्याच वर्षी, 1622 मध्ये, जहांगिराचे कंदाहार जिंकून घेतले. झेब्र्याची भेट काही फळली नाही!

पण इथे मला थांबावेसे वाटते. ज्या 1621 साली हबशांच्या देशातले हे जनावर बादशहाच्या कौतुकाचा विषय झाले, त्याच साली त्याच देशातला एक माणूस बादशहाच्या झोपेचे खोबरे करीत होता. तो म्हणजे निजामशाहीचा मलिक अंबर. 1548 च्या सुमारास हबशांच्या देशात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला. मोखा आणि बगदादच्या बाजारांतून हातोहात जात तो अहमदनगरच्या चंगीजखानाच्या पदरी आला. हा चंगीजखानही मूळचा हबशीच. या गुलामाने पुढे निजामशाही सावरली, खडकी शहर वसवले, जमीनमहसुलाची घडी बसवली, मराठे बारगीर हाताशी धरून मोगलांना डोंगरादऱ्यांत झुलवले. 1621 मध्ये शाहजहानच्या फौजांनी खडकी उद्ध्वस्त केली आणि अंबराला तह करावा लागला. पण तीनच वर्षांनी, 1624 मध्ये, भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशहा या दोघांचा मिळून धुव्वा उडवला. जहांगिराला हा माणूस कधी हाती लागला नाही. म्हणून त्याने एक चित्र काढवले, त्यात बादशहा अंबराच्या भाल्यावर टांगलेल्या मस्तकावर बाण सोडतो आहे. प्रत्यक्षात न घडलेले चित्रात घडवून घेतले. अंबर 1626 साली आपल्या अंथरुणावर म्हातारपणाने वारला.

काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जनावरात ज्याला ईश्वराची कारागिरी दिसली, त्याच बादशहाने काळ्या कातडीच्या माणसाच्या नावापुढे शिव्या लिहिल्या. दोन्ही एकाच वहीत आहेत.

दुसरी हकीकत आपल्या अधिक जवळची. हबशांच्या राजाने, फासिलिदासने, औरंगजेबाकडे वकील पाठवले. फ्रेंच वैद्य बर्नियर तेव्हा दिल्लीत होता. त्याने हा सारा वृत्तान्त लिहून ठेवला आहे. नजराण्यात निवडक पंचवीस गुलाम होते, त्यांत कोवळी पोरे होती. पंधरा घोडे होते, हस्तिदंत होते, कस्तुरीसारख्या सुगंधी द्रव्याने भरलेले बैलाचे एक मोठे शिंग होते. आणि एक लहानसे, वाघापेक्षाही सुरेख पट्ट्यांचे खेचर होते. हे खेचर म्हणजे झेब्राच, याविषयी शंका नको. ते वाटेतच मेले. वकिलांनी त्याचे कातडे जपून ठेवले. काही घोडे मेले, काही गुलामही मेले. उरलेसुरले घेऊन मंडळी सुरतेला उतरली, ती नेमकी शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले तेव्हा!

जानेवारी 1664 ची ही पहिली लूट. शाएस्तेखानाने तीन वर्षे पुणे प्रांताची राखरांगोळी केली होती. तिची भरपाई मोगलांच्या सर्वांत श्रीमंत बंदरातून वसूल करायची होती. त्या धामधुमीत हबशी वकिलांचे बिऱ्हाड जळाले. हाती राहिले ते एवढेच : राजाची पत्रे, थोडे गुलाम, त्यांचे अंगावरचे हबशी कपडे, रिकामे झालेले शिंग आणि झेब्र्याचे कातडे. मराठ्यांना त्या कातड्याचा मोह पडला नसावा, अशी बर्नियर मिस्कील टिप्पणी करतो. खरेच आहे. ज्यांना गडांची डागडुजी करायची आणि फौजेचा पगार चुकवायचा होता, त्यांना सोने-मोती हवे होते; पट्टेरी कातड्याने पोट भरत नाही. ते कातडे मग दिल्लीला पोचले आणि बर्नियरने आपल्या डोळ्यांनी पाहिले.

मी तीस-बत्तीस वर्षे सुरतेची लूट शिकवली. स्वारीचा मार्ग, तारखा, वीरजी व्होरा, इंग्रजांची वखार, लुटीचा आकडा, सारे मला तोंडपाठ. पण त्या जळत्या शहरात हबशांच्या देशातून आणलेली, आजाराने आणि उपासमारीने खंगलेली काही पोरे कुठेतरी दडून बसली होती, हे मी वर्गात एकदाही सांगितले नाही. मला ते दिसलेच नव्हते. ते दिसले झेब्र्याच्या कातड्याचा माग काढताना. बर्नियरने कातड्याच्या पट्ट्यांचे कौतुक केले. त्या पोरांची नावे त्याच्या वृत्तान्तात नाहीत. कातड्याला इतिहासात जागा मिळाली, पोरांना आकडा मिळाला.

झेब्र्याला खोगीर चढवता येईना, म्हणून त्याचे मोल शोभेपुरते राहिले. माणसावर खोगीर चढवता येते, म्हणून त्याचा बाजार भरला. माणूस शिकवलेले शिकतो, सांगितलेले ऐकतो, नव्या भाषेत बोलू लागतो, पोटच्या पोरासाठी सोसतो. ज्या गुणांनी तो माणूस ठरतो, त्याच गुणांनी तो गुलामीला उपयोगी पडला. हे ध्यानात आले तेव्हा वाचनालयाच्या खिडकीतून मी बराच वेळ बाहेर पाहत राहिलो.

आणि खोगीर चुकवून झेब्रा तरी सुटला म्हणावे, तर तेही खरे नाही. दक्षिण आफ्रिकेत क्वाग्गा नावाचा त्याचा एक प्रकार होता. पुढच्या अंगाला पट्टे आणि मागे साधा तपकिरी. गोऱ्या वसाहतवाल्यांनी मांसासाठी आणि कातड्यासाठी त्याची बेसुमार शिकार केली. त्यांतला शेवटचा 12 ऑगस्ट 1883 रोजी अॅमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला. तो शेवटचा होता, हे त्या दिवशी कुणाच्या लक्षातही आले नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, 1882 मध्ये, हबशांच्या देशातील मेनेलिक राजाने फ्रान्सचे अध्यक्ष ज्यूल ग्रेव्ही यांना एक झेब्रा भेट पाठवला होता. जहांगिराच्या दरबारची तीच जुनी रीत! पॅरिसच्या पंडितांनी ती निराळी जात असल्याचे ओळखले आणि तिला अध्यक्षांचे नाव दिले. आज या ग्रेव्हीच्या झेब्र्यांची रानातली संख्या तीन हजारांच्या आसपास आहे, आणि बहुतेक केनियात. हबशांच्या देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात, थोडेच उरले आहेत.

माणसांची गोष्ट मात्र संपली नाही. जंजिऱ्याचे सिद्दी आपल्या इतिहासात आहेतच. दाभोळच्या खाडीच्या तोंडावरचा अंजनवेलचा किल्लाही काही काळ त्यांच्याकडे होता. पण राजे-किल्लेदारांपलीकडे साधे सिद्दीही आहेत. कारवार जिल्ह्यात यल्लापूर-हल्याळच्या रानात त्यांच्या वाड्या आहेत. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या गुलामांचे हे पुष्कळसे वंशज. त्यांची घरची बोली कोकणी आहे, आणि तिच्यात मराठी शब्द मिसळलेले आहेत. ज्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत, त्यांच्या नातवंडांनी आपली भाषा उचलली आणि ती आपली केली.

मी हे सारे त्या मुलाला सांगितले, त्याला झेपेल अशा बेताने. झेब्रा चावतो, हे ऐकून तो खूश झाला. बादशहाच्या दरबारात लोकांना रंगाची शंका आली, हे ऐकून तर फारच. सुरतेच्या पोरांपाशी मात्र तो गप्प झाला. मग म्हणाला, "ती पोरे माझ्याएवढी होती?"

"काही असतील," मी म्हटले.

"मग तुम्ही आता शाळेत गेलात, तर त्यांचे पण सांगाल?"

निवृत्त शिक्षकाला आता शाळेत कोण बोलावणार? म्हणून जे वर्गात राहून गेले ते इथे लिहिले. दिवाळीनंतर त्या मुलाला घेऊन दाभोळला जायचे कबूल केले आहे. फेरीबोटीत बसून अंजनवेलचा किल्ला दाखवीन, आणि पश्चिमेकडे बोट करून सांगीन की, सरळ या दिशेने गेले की घोडे येत असत ती बंदरे लागतात. आणि वारा चुकला तर झेब्र्याचा देश.